शिकलगाराचा हात आणि पॉलिशचे चाक

खंडेनवमीला आमच्या घरी एक तलवार पुजली जाते. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात अशा तलवारी आणखी चार-पाच घरांत आहेत. त्या काळसर, मुठीपाशी तांबूस, आणि वर्षातून एकदाच म्यानाबाहेर येणाऱ्या. आमची मात्र आरशासारखी चकाकते. त्या चकाकीचे कर्तेपण माझ्याकडे येते, म्हणून हा लेख.

सतरा-अठरा वर्षांपूर्वी धाकट्या भावाची वास्तुशांत होती. माळ्यावरची तलवार नव्या दिवाणखान्यात लावायची ठरली. मी ती गोणपाटात गुंडाळून स्कूटरवरून नेली आणि स्टीलच्या भांड्यांना, मोटारसायकलच्या भागांना पॉलिश करून देणाऱ्या एका कारखान्यात दिली. अर्ध्या तासात ती लखलखीत होऊन परत आली. घरात सगळे खूश. वडील तेव्हा हयात नव्हते. त्यांच्या ट्रंकेतली एक वही माझ्या हाती लागली ती त्यानंतर तीन वर्षांनी. वहीत पातळ कागदाची एक पट्टी चिकटवलेली होती. वडिलांनी तलवारीच्या पाठीवर कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासली होती. त्यात ‘श्री’ स्पष्ट उमटला होता, पुढे तीन-चार अक्षरे, त्यांतले एक बहुधा ‘जी’, आणि शेवटी दोन आकडे. मी तलवार काढून उन्हात तिरपी धरली. ‘श्री’च्या जागी बोटाला किंचित खोलगट लागते. बाकीचे गेले.

माझे शिक्षण बारावीपर्यंतचे. पण तेव्हापासून पुस्तके वाचत, संग्रहालयांतल्या काचेला नाक लावत आणि जाणत्या कारागिरांपाशी बसत मी एकाच प्रश्नाच्या मागे आहे: शस्त्र चकचकीत केल्याने त्याचे नेमके काय जाते?

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. पूर्वी शस्त्रांना पॉलिश होतच होते की! खरे आहे. सातारा-सांगलीकडे शिकलगार हे आडनाव गल्लोगल्ली भेटते. फारसीत ‘सैकल’ म्हणजे झिलई, आणि ‘सैकलगर’ म्हणजे ती करणारा. त्याचाच आपल्याकडे शिकलगार झाला. आज त्यांतली काही मंडळी कात्र्या-सुऱ्यांना धार लावतात, पण मूळ काम शस्त्रे उजळण्याचे. तेव्हा उजळलेली तलवार ही बिघडलेली तलवार नव्हे. वापरातल्या हत्याराला गंज परवडत नाही.

फरक हाताचा आणि चाकाचा आहे. हाताने घासणारा माणूस पात्याच्या लांबीने घासतो, अक्षर आले की थांबतो, मुठीवरचे सोनेकाम वगळतो. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या कापडी चाकाला हे कळत नाही. ते उंचवट्यावर जास्त दाबते, कडा गोलावते, कोरीव अक्षराच्या काठावरचा धातू ओढून नेते. पात्यावरची पन्हळ पसरट होते, पाठ आणि पाते यांमधली धारदार रेघ विरघळल्यासारखी दिसते. जाणकार विकत घेणारा आधी हीच रेघ बघतो.

सोन्याचे तर विचारूच नका. कोफ्तगरीत पोलादावर आधी बारीक उभ्या-आडव्या रेघा पाडून पृष्ठभाग खरखरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. हा थर अतिशय पातळ, आणि सोने पोलादाहून मऊ. चाकासमोर ते काही क्षण टिकते. मागे उरतात त्या रेघा, आणि पुष्कळांना तो ‘गंजाचा डाग’ वाटून आणखी घासण्याची बुद्धी होते.

या गोष्टीची किंमत किती, हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. एप्रिल २०२५मध्ये लंडनच्या सदबीज्‌च्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने मिळवली. खर्च आला सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. पाते युरोपीय बनावटीचे, मूठ मुल्हेरी घडणीची. अशी फिरंगी पाती मराठ्यांकडे भरपूर होती, त्यामुळे नुसत्या पात्याला एवढे कोणी मोजले नसते. पण पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत मालकाचे नाव आहे, ‘सेनासाहेब सुभा’ ही पदवी आहे, आणि ‘फिरंग’ हा शब्दही आहे. म्हणजे हे पाते परके आहे हे ते बाळगणाऱ्यांना माहीत होते आणि त्यांनी ते अभिमानाने लिहवून घेतले. पदवी साताऱ्याच्या शाहू छत्रपतींची देणगी. या चार-सहा शब्दांत एवढा इतिहास मावला आहे, आणि तो सगळा नखाने खरवडता येईल एवढ्या थरावर उभा आहे. मधल्या पावणेतीनशे वर्षांत कुणा हौशी माणसाने ती चाकावर धरली असती, तर उरली असती ती एक चांगली, निनावी फिरंग.

जुलै २०२४पासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची वाघनखे मांडली होती. मीही रांगेत होतो. त्यांच्याबद्दलचा दावा लिहिलेला आहे तो त्यांच्या पेटीवर, साताऱ्याचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफच्या नावानिशी. ती खरोखर तीच आहेत का, हे सिद्ध करता येत नाही असे ते म्युझियमच सांगते. वाद आहे, पण निदान वाद घालायला पेटी आहे. आमच्यासारख्यांच्या घरच्या तलवारीला कुठली पेटी? तिचा कागद तिच्या पाठीवर असतो.

एक दिलासा मात्र आहे. जौहरदार पोलाद, म्हणजे मुशीत वितळवून केलेले, ज्यात कार्बनचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असते, त्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी दिसते. पॉलिश केल्यावर ती दिसेनाशी होते आणि लोक हळहळतात. ती नक्षी वरून काढलेली नसते. धातूच्या पोटातच असते. जाणत्याने सौम्य आम्ल लावून ती पुन्हा उमटवता येते. हे काम स्वतः करू नये, एवढेच. भट्टीत घालून अति तापवलेल्या पात्याचा जौहर मात्र असा सहज परत येत नाही.

आमच्या शेजारी सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. त्यांच्याकडे परवान्याचे स्टेनलेसचे रिव्हॉल्व्हर आहे. त्यांचा युक्तिवाद असा, की काळी-निळी झिलई घासली तर पांढरे पडते, स्टेनलेसवर मुलामाच नाही, मग जाणार काय? प्रश्न रास्त आहे. स्मिथ अँड वेसनने १९६५मध्ये पहिले स्टेनलेस रिव्हॉल्व्हर काढले, तेव्हापासून लोक हाच विचार करत आले आहेत. स्टेनलेसमधल्या क्रोमियममुळे हवेत आपोआप एक अदृश्य संरक्षक पापुद्रा धरतो. घासल्यावर तोही पुन्हा धरतो, त्यामुळे गंजण्याची भीती नाही. पण कारखान्याने दिलेले मंद, एका दिशेच्या बारीक रेघांचे अंग जाते, कडा मऊ होतात, ठशांची अक्षरे उथळ होतात. संग्राहकाला आरसा नको असतो, त्याला कारखान्यातून निघालेले अंग हवे असते. रेघा कुशल हात परत आणू शकतो, झिजलेला ठसा नाही. आणि त्या ठशांत क्रमांकही असतो. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ८नुसार तो पुसणे गुन्हा आहे. सुभेदारांनी मऊ फडके आणि तेलावर समाधान मानले.

रघुजींच्या तलवारीची बातमी आल्यापासून मला फोन येतात, ‘आमचीचे किती लाख येतील?’ १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही, आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. तेव्हा लंडनचा भाव गावच्या तलवारीला लावण्यात अर्थ नाही. पण फोन करणाऱ्यांपैकी दोघांनी सहज सांगितले, की विकण्याआधी ‘जरा चमकवून’ घेणार आहोत. ते ऐकून मी दोन्ही गावे गाठली.

तिथे जे सांगितले तेच इथे सांगतो. पात्याला लिंबू, चिंच, विटकरीचा चुरा, पॉलिश पेपर यांतले काहीही लावू नये. घट्ट बसलेला काळपट थर राहू द्यावा. तो पात्याला खात नाही. खातो तो तांबडा, भुसभुशीत गंज. त्यावर शिलाई यंत्राचे तेल सोडून दोन दिवस ठेवावे आणि बांबूच्या काडीने हळू खरवडावे. गोडे तेल नको, ते चिकट होऊन धूळ धरते. पूजेत ओले हळदकुंकू पात्याऐवजी म्यानाला लावावे, आणि हाताळल्यावर घामाचे ठसे पुसून घ्यावेत. तलवार वर्षभर चामड्याच्या म्यानात ठेवू नये, चामडे ओल धरते.

आणि हे काहीही करण्याआधी पातळ कागदाची एक पट्टी घ्यावी. मुठीपासून टोकापर्यंत पाठीवर ती धरावी, मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासावी. काही उमटो न उमटो, खाली तारीख, गाव आणि घराचे नाव लिहावे. आमच्या वडिलांनी तारीख लिहिली नव्हती.