शंभरातले नव्याण्णव

मागच्या श्रावणात भाचीला घेऊन मुळशीला गेलो होतो. पौड मागे पडलं, धरणाचं पाणी दिसू लागलं आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या भाचीची प्रश्नावली सुरू झाली. "मामा, इथल्या पाण्याची वीज मुंबईला जाते ना? मग मधे किती गोष्टी धड राहाव्या लागत असतील!"

खरंच होतं. मुळेचं पाणी बोगद्यातून, पोलादी नळांतून सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरतं आणि १९२७ पासून तिथली चक्रं फिरवतं. (या पाण्याखाली जाणाऱ्या गावांसाठी १९२१ साली सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यातूनच पुढे आले, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय.)

टपरीवर भज्यांच्या कागदावर तिनं गणित मांडलं. एकामागोमाग जोडलेले दहा भाग, प्रत्येक भाग शंभरातल्या नव्याण्णव वेळा नीट चालणारा. मी म्हटलं, मग सगळी यंत्रणाही तेवढीच भरवशाची. "छे! गुणाकार करायचा." दहा भागांना भरवसा उतरला नव्वदावर आणि शंभर भागांना चक्क सदतिसावर! साखळी सगळ्यात कच्च्या कडीइतकी मजबूत, असं आपण म्हणतो. इथे तर एकही कडी कच्ची नव्हती.

"यावर उपाय जोडीदाराचा," ती म्हणाली. एका भागाने दगा देण्याची शक्यता शंभरात एक, तर दोघांनीही देण्याची दहा हजारांत एक. मात्र एकाच्या दुखण्याची दुसऱ्याला लागण होता कामा नये.

मला पानशेत आठवलं. १९६१ साली धरणाचं काम अपुरं असतानाच पावसाळा आला. पाणी सोडण्याच्या मोरीच्या कमानीत लोखंडी सळ्या नव्हत्या, दरवाजे अर्धवट अडकलेले. आतल्या पाण्याच्या दणक्यांनी वरचा मातीचा भराव खचत गेला. जवानांनी वाळूची पोती रचली, तरी १२ जुलैला सकाळी धरण फुटलं. खाली इंग्रजांच्या काळातलं दगडी खडकवासला होतं. एरवी ते आपल्या जागी भक्कम. पण पानशेतचं सारं पाणी त्याच्याच अंगावर आलं आणि तेही फुटलं. पुढे पुणं होतं. आमच्या आईनं तो लोंढा पाहिलेला; पुढे कितीतरी वर्षं ती जिन्याच्या कोणत्या पायरीपर्यंत पाणी आलं ते बोटानं दाखवायची.

भाची थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे पहिलं फुटलं की दुसरं फुटणार हे जवळजवळ ठरलेलंच."

तिनं कागदावरच्या दहा हजारांतली दोन शून्यं खोडली.