कामावर कॅश हाताळताय? फोन कुठे कामाचा, कुठे नाही

डिलिव्हरी करणारे, पेट्रोल पंपावर किंवा दुकानाच्या काउंटरवर काम करणारे मित्र मला नेहमी विचारतात, ‘खोटी नोट ओळखणारं एखादं अ‍ॅप सांग ना!’ रात्री हिशोबात ५०० रुपये कमी आले की बऱ्याच ठिकाणी ते पगारातून कापतात, त्यामुळे प्रश्न रास्त आहे.

नोट अ‍ॅपने नाही, हाताने तपासा

फोटो म्हणजे सपाट चित्र. खऱ्या नोटेची ओळख उठावदार छपाईत, तिरकी धरल्यावर बदलणाऱ्या रंगात आणि उजेडासमोर दिसणाऱ्या वॉटरमार्कमध्ये असते. एका फोटोत हे सगळं येणार कसं? रिझर्व्ह बँकेचं २०२० साली आलेलं ‘मनी’ अ‍ॅपसुद्धा दृष्टिहीनांना नोट किती रुपयांची आहे एवढंच सांगतं. ती खरी की खोटी, हे सांगत नाही.

५०० ची नोट घेताना तीन गोष्टी करा. तिरकी धरा: आतला धागा हिरव्याचा निळा दिसला पाहिजे. उजेडासमोर धरा: गांधीजींचा चेहरा आणि ५०० चा आकडा दिसला पाहिजे. कडेच्या तिरप्या रेघांवर बोट फिरवा: त्या हाताला लागल्या पाहिजेत.

शंका आली तर गिऱ्हाईकासमोरच शांतपणे दुसरी नोट मागा. बँकेत खोटी नोट सापडली तर बँक ती जप्त करते, पैसे देत नाही. पोचपावती मात्र मागून घ्या. खोटी आहे हे कळल्यावर ती दुसऱ्याच्या गळ्यात मारणं हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे.

‘ऑनलाइन पाठवतो, कॅश द्या’

इथे दोन धोके आहेत. स्क्रीनशॉट बनवता येतो आणि मेसेजही खोटा असू शकतो. म्हणून आपल्या अ‍ॅपमध्ये रक्कम जमा झालेली स्वतः बघा. दुसरा धोका लपलेला असतो: पैसे खरंच आले, पण ते कुणाला तरी फसवून मिळवलेले असले, तर तक्रार झाल्यावर तुमचं खातं गोठवलं जाऊ शकतं. अनोळखी माणसाला असा व्यवहार सरळ नाही म्हणा.

पैसे घेऊन निघताना

इथे फोन खरंच उपयोगी पडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर घरच्या किंवा कामावरच्या एका भरवशाच्या माणसाला एक तासाचं लाइव्ह लोकेशन पाठवा. गल्ल्याचा फोटो स्टेटसला टाकू नका. रोज तीच वेळ, तोच रस्ता ठेवू नका. रक्कम साठवून एकदम नेण्यापेक्षा थोडी थोडी भरा, आणि मोजणी दोघांनी मिळून करून आकडा लगेच ग्रुपवर लिहा. नंतर वाद झाला तर वेळेसकट नोंद हाताशी असते.

कुणी धमकावलंच, तर पैसे देऊन टाका. सुरक्षित जागी पोहोचा आणि ११२ ला फोन लावा. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३०. हे दोन्ही नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा.