दंगल एका दिवसाची, नुकसान पुढच्या हंगामांचं: शिरूर-दौंडच्या छोट्या शेतकऱ्यानं काय करायचं?

पुणे-सोलापूर रस्त्यावरचं दौंड तालुक्यातलं यवत. 1 ऑगस्ट 2025 रोजी सोशल मीडियावरच्या एका आक्षेपार्ह पोस्टवरून इथं जमाव रस्त्यावर उतरला. त्याआधी काही दिवस छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या विटंबनेवरून गावात तणाव होताच. घरं, दुकानं, वाहनं आणि मशिदीचं नुकसान झालं. पोलिसांना अश्रुधुराच्या नळकांड्या फोडाव्या लागल्या. त्याच्या साडेसात वर्षं आधी, 1 जानेवारी 2018 रोजी, शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमा आणि सणसवाडीत हिंसाचार झाला होता. त्यात एका तरुणाचा जीव गेला. पुणे-नगर रस्त्यालगतची दुकानं आणि गाड्या जळाल्या.

दोन्ही घटनांची कारणं वेगळी, माणसं वेगळी. पण भीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या या दोन तालुक्यांत एक गोष्ट सारखी आहे. बंदोबस्त हटतो, बातम्या थांबतात, आणि खरा त्रास त्यानंतर सुरू होतो. बाजार भरतो पण गिऱ्हाईक येत नाही. उधारीवर खत देणारा दुकानदार "आधी मागचं द्या" म्हणतो. वाट्यानं दिलेली जमीन मालक परत मागतो. ज्याच्याकडं दोन-तीन एकर आहे, किंवा स्वतःची जमीनच नाही, तो इथं अडकतो. मग घर विकून पुण्याला जायचा विषय निघतो.

गाव सोडायची वेळ येऊ नये म्हणून काय करता येतं, ते आम्ही इथं समजावून सांगणार आहोत. कोर्ट-कचेरी, राजकारण हे विषय महत्त्वाचे आहेतच. आजचा विषय मात्र चुलीचा आहे.

विमा आहे, पण कशाचा?

सर्वांत मोठा गैरसमज इथं आहे. "पीक विमा भरलाय, आता काळजी नाही," असं अनेक घरांत म्हटलं जातं. प्रधानमंत्री पीक विमा योजना दुष्काळ, पूर, रोग-कीड अशा नैसर्गिक संकटांसाठी आहे. कुणी मुद्दाम केलेलं नुकसान या योजनेत बसत नाही. म्हणजे उभं पीक कुणी पेटवलं, तर या विम्यातून भरपाईची आशा धरू नका. शिवाय 2025 च्या खरिपापासून राज्यातला एक रुपयातला विमा बंद झाला. आता खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्यानं भरायचा आहे.

याउलट, ज्याकडं आपण दुर्लक्ष करतो ते विमे दंगलीत उपयोगी पडतात. घरासाठी 'भारत गृह रक्षा' आणि छोट्या दुकानासाठी, बेकरीसाठी, गोदामासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या ठरावीक नमुन्याच्या पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून मिळतात. त्यांत आगीबरोबर दंगल, संप आणि खोडसाळपणानं केलेलं नुकसानही धरलेलं असतं. गाडीचंही तसंच. संपूर्ण विमा असेल तर दंगलीत जळालेल्या गाडीचा दावा करता येतो. नुसता 'थर्ड पार्टी' असेल तर आपल्या गाडीचे पैसे मिळत नाहीत. टेम्पो किंवा पिकअप हेच ज्याचं पोट आहे, त्यानं हा फरक लक्षात ठेवावा. गाय-म्हशीच्या विम्यातही बहुतेक ठिकाणी अपघात, आगीसोबत दंगलीतला मृत्यू धरलेला असतो. पण जनावराच्या कानातला बिल्ला जागेवर हवा. पॉलिसी घेताना एजंटला एकच सरळ प्रश्न विचारा: "दंगलीत नुकसान झालं तर यात मिळतं का? कुठं लिहिलंय ते दाखवा."

पहिले तीन दिवस

नुकसान झाल्यावर माणूस आधी आवरायला लागतो. काचा झाडतो, जळकं बाहेर टाकतो. थोडं थांबा. आधी मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो आणि व्हिडिओ काढा. पोलिसांत तक्रार देताना वस्तूंची यादी आणि अंदाजे किंमत लिहून द्या आणि गुन्ह्याच्या नोंदीची प्रत घ्या. ती फुकट मिळते, हा तक्रारदाराचा हक्क आहे. गावात परत जायची भीती वाटत असेल तर दुसऱ्या कुठल्याही ठाण्यात 'झिरो एफआयआर' देता येतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यात ही तरतूद स्पष्ट लिहिलेली आहे. तलाठ्याकडं पंचनाम्याची लेखी मागणी करा आणि पोच घ्या. विमा कंपनीला लगेच कळवा. त्यांचा माणूस पाहून जाईपर्यंत जळालेली वस्तू हलवू नका.

कागद शांततेत करायचे असतात

दंगलीनंतर मदतीचा अर्ज करायला गेल्यावर कळतं, की सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे. वारस नोंद राहिली आहे. ती आजच करा, आणि करताना बहिणींची, आईची नावं गाळू नका. शरीअतनं त्यांना वाटा दिला आहे, आणि पुढं हीच नावं नसल्यानं घरातच तंटा उभा राहतो.

दुसरी नोंद ई-पीक पाहणीची. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकरी स्वतः मोबाईलवरून पिकाची नोंद करतो. ही नोंद नसेल तर रानात काय उभं होतं हे सांगायला कागदावर काहीच नसतं. सरकारी योजनांसाठी आता शेतकरी ओळख क्रमांकही मागतात.

आपल्यातली बरीच कुटुंबं दुसऱ्याची जमीन वाट्यानं करतात. बोली तोंडी असते, "एवढ्या वर्षांचा घरोबा आहे" म्हणून. तणावाच्या दिवसांत पहिल्यांदा तुटते ती तोंडी बोली. पीक विम्यातही दुसऱ्याची जमीन करणाऱ्याला नोंदणीकृत करार दाखवावा लागतो. मालकाशी संबंध चांगले आहेत तेव्हाच करार करून घ्या.

सगळी भिस्त एकावर नको

दौंडचा बागायती पट्टा म्हणजे ऊस आणि गुऱ्हाळं. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात असतो. तेवढ्या काळात काही घडलं तर हातात पैसा नसतो. ऊस जळाला तर वजन घटतं, 'जळीत ऊस' म्हणून दरात कपात होते, आणि तोड लवकर मिळाली नाही तर नुकसान वाढत जातं. शिरूरच्या जिरायती गावांत अडचण वेगळी. तिथं सगळं पावसावर.

म्हणून छोट्या शेतकऱ्यानं वेगवेगळ्या वेळी येणारा पैसा जोडावा. उसाचा किंवा कांद्याचा पैसा हंगामात. दुधाचा पगार साधारण दर दहा दिवसांनी. परसातल्या कोंबड्यांच्या अंड्यांचा रोजच्या रोज. संगमनेरी किंवा उस्मानाबादी जातीच्या चार-पाच शेळ्या म्हणजे अडीअडचणीला मोडता येणारी ठेव. बकरी ईदला बोकडाला चांगला भाव मिळतो, आणि ते बोकड वाढवणाऱ्यांत हिंदू शेतकरीही असतात.

बाजार दोघांचा आहे

बहिष्काराची हाक देणारे एक गोष्ट विसरतात. 2025 च्या उन्हाळ्यानंतर कुरेशी समाजानं राज्यभर जनावरांची खरेदी थांबवली, तेव्हा बाजारात भाकड जनावरं घेऊन आलेल्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळेना. त्यातले बहुसंख्य शेतकरी मुस्लिम नव्हते. आंब्या-पेरूच्या बागा तोडीनं घेणारा बागवान, बोकडं खरेदी करणारा खाटीक आणि माल पिकवणारा शेतकरी यांचा हिशेब एकाच वहीत असतो.

कुणाला धंदा करू द्यायचा नाही, असा अधिकार ग्रामसभेला नाही. कोणताही कायदेशीर व्यवसाय करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम 19 नं दिला आहे, आणि कलम 15 धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतं. असा ठराव झालाच तर गटविकास अधिकारी आणि तहसीलदारांकडं लेखी हरकत घ्या.

पण कायद्यापेक्षा टिकाऊ गोष्ट म्हणजे भागीदारी. दहा शेतकरी मिळून उत्पादक कंपनी नोंदवता येते. केंद्राच्या 2020 च्या योजनेत मदतीसाठी सपाट भागात किमान 300 सभासदांची अट होती, आणि तीन वर्षांत व्यवस्थापन खर्चासाठी 18 लाखांपर्यंत रकमेची तरतूद होती. तीनशे सभासद एका समाजाचे जमत नाहीत, आणि जमवूही नयेत. ज्या कंपनीच्या कांदाचाळीत पाटलाचा, माळ्याचा आणि मुलाण्याचा कांदा शेजारी पडलेला असतो, ती चाळ पेटू नये असं तिघांनाही वाटतं. बचत गटाचंही असंच. आपल्या बायकांनी फक्त मोहल्ल्यातलाच गट न करता वस्तीवरच्या गटात नाव घालावं.

व्याज आणि उश्र

व्याज नको म्हणून बरेच जण बँकेत जात नाहीत आणि शेवटी सावकाराच्या दारात उभे राहतात, जिथं व्याज कितीतरी जास्त. राज्यात 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर सवलतीमुळं शेतकऱ्यावर व्याज पडत नाही. दीनी बाजू आपल्या उलमांना विचारून घ्या, पण ही सोय माहीत तरी असू द्या.

आणि उश्र? पावसावरच्या पिकाचा दहावा, पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा हिस्सा. रमजानमध्ये जकातीची चर्चा होते, उश्रची फारशी होत नाही. बागायतदार घरांनी सुगीला तो काढून गावाच्या बैतुलमालमध्ये दिला, तर जळालेल्या हातगाडीवाल्याला नवी गाडी घ्यायला पुण्या-मुंबईच्या मदतीची वाट पाहावी लागणार नाही. हक्कदार कोण, हे मशिदीच्या जबाबदार लोकांनी हंगामाआधीच बसून ठरवावं.

यातली बरीच कामं या आठवड्यात होण्यासारखी आहेत. आज घरातली गाडीची पॉलिसी काढून पाहा आणि सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे ते बघा. येत्या जुम्याला नमाजनंतर दहा मिनिटं थांबून हाच विषय काढा.