मध्यकर्ण परीक्षण व शरीरस्थिती

मध्यकर्णाच्या कार्यपरीक्षणावर बसणे, आडवे होणे इ. शारीरिक स्थितींचा होणारा परिणाम. या परीक्षणांपैकी टिंपॅनोमेट्री (कर्णपटलमापन) ही पद्धत सर्वांत प्रचलित आहे. टेर्किल्डसेन व टॉमसन या डॅनिश संशोधकांनी 1959 मध्ये तिचे वर्णन केले. तीत कर्णमार्ग हवाबंद करून 226 हर्ट्‌झ कंप्रतेचा ध्वनी सोडतात व तेथील हवेचा दाब सामान्यतः +200 ते −400 डेकापास्कल यांदरम्यान बदलतात. कर्णपटलाच्या दोन्ही बाजूंचे दाब समान होताच सर्वाधिक ध्वनी आत शिरतो व आलेखात शिखर उमटते. मध्यकर्णात द्रव साचल्यास आलेख बहुधा सपाट येतो.

मध्यकर्ण व घसा यांना जोडणारी यूस्टेशियन नलिका एरवी मिटलेली असते व गिळताना उघडते. मनुष्य आडवा झाला की, डोक्याकडील नीलांतील रक्तदाब वाढतो, नलिकेचे व मध्यकर्णाचे श्लेष्मल अस्तर किंचित फुगते आणि नलिका सहजी उघडत नाही. शिवाय मस्तिष्क-मेरुद्रवाचा वाढलेला दाब अंतर्कर्णापर्यंत पोहोचून रिकीब या अस्थीचा आधारबंध ताठ करतो. त्यामुळे मुख्यतः कमी कंप्रतेच्या ध्वनीचे वहन बदलते.

निरोगी कानात हे फरक अल्प असतात व द्रवामुळे आलेला सपाट आलेख केवळ स्थिती बदलल्याने सहसा पालटत नाही. तथापि दाब सामान्य मर्यादेच्या सीमेवर असल्यास किंवा दोन वेळच्या आलेखांची तुलना करावयाची असल्यास असा फरक दिशाभूल करू शकतो. नलिका सतत उघडी राहण्याच्या विकारात तर स्थिती निर्णायक ठरते. अशा रुग्णास स्वतःचा श्वास व आवाज कानात घुमल्यासारखा ऐकू येतो. पण आडवे होताच अस्तर फुगून नलिका मिटते व लक्षणे ओसरतात. निजवून तपासल्यास हा विकार नजरेतून सुटण्याचा संभव असतो. बसवून तपासल्यास श्वासाबरोबर हेलकावणारा आलेख मिळू शकतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (2013) कर्णदोषांची पाहणी समाविष्ट असून तीत गंगाखेडसारख्या तालुक्यांतील अंगणवाड्या व शाळांतील मुलेही येतात. पुढील तपासणीसाठी पाठविलेले लहान मूल पुष्कळदा आईच्या मांडीवर झोपी गेलेले असते. त्याला उठविणे शक्य नसल्यास परीक्षण तसेच करावे. मात्र स्थितीची नोंद आलेखावर करावी व पुढील परीक्षण त्याच स्थितीत घ्यावे. अन्यथा स्थितीतील बदल हाच आजारातील बदल समजला जाऊन उपचार लांबण्याचा किंवा अनावश्यक उपचार होण्याचा धोका असतो.