लोणावळ्याचा भोकाभोकांचा दगड

भाज्याची लेणी चढताना किंवा राजमाचीच्या वाटेवर एखादा भोकाभोकांचा काळा दगड हाती लागतो आणि हा स्पंजाचा जीवाश्म तर नसेल, अशी शंका येते. शंका रास्त आहे. क्रिटेशस काळात, म्हणजे सुमारे १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी, समुद्रात स्पंज विपुल होते आणि मावळचा कातळही साधारण त्याच काळाच्या अखेरचा.

काळ जुळतो, जागा जुळत नाही. हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. दख्खनच्या लाव्हाथरांच्या एका गटाला भूवैज्ञानिकांनी 'लोणावळा उपगट' असंच नाव दिलं आहे. स्पंज पाण्यात जगतात आणि त्यांचे अवशेष टिकतात ते गाळात.

मग ही भोकं कसली? लाव्ह्यातला वायू पुरता निसटण्याआधीच थर थिजला, त्या बुडबुड्यांच्या या जागा. त्या प्रवाहाच्या माथ्याकडे दाट असतात, कधी वाहण्याच्या दिशेनं लांबट ओढल्या जातात. पुढे झिरपत्या पाण्यानं त्यांत झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी भरली. भिंगाखाली पाहिलं, की बहुतेक भोकं सुटी सुटी दिसतात आणि आत कडेकडून मध्याकडे वाढलेले स्फटिक चमकतात.

खऱ्या स्पंजात भोकांची रचना वेगळी. बारीक छिद्रांतून आत गेलेल्या नळ्या एकमेकींना मिळतात. अनेक जातींत त्या मधल्या पोकळीत उघडतात. दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या खडकात सापडणारा व्हेंट्रिक्युलाइट्स फुलदाणीसारखा असतो, तर पोरोस्फेरा छोट्या गोळीएवढा. पण नुसत्या आकारावर भिस्त ठेवता येत नाही. पक्का पुरावा म्हणजे कंटिका, स्पंजाच्या सांगाड्यातल्या सूक्ष्म सुया. काचस्पंजांत त्या सहा टोकांच्या असतात आणि काही गटांत एकमेकींना जुळून जाळी बनते. त्या पाहायला दगडाचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. आम्लाचा थेंब टाकला आणि फेस आला, एवढ्यानं काहीच ठरत नाही: मावळच्या भोकांतही कॅल्साइट असतं, आणि स्पंजाच्या सिलिकेच्या सुया विरघळून त्यांच्या जागीही कॅल्साइट बसू शकतं.

क्रिटेशस काळातला समुद्री गाळ पाहायचा, तर नर्मदेच्या खोऱ्यातलं बाघ किंवा तमिळनाडूतलं अरियालूर गाठावं. लाव्ह्याच्या मुलखातही जीवाश्म मिळतात, मात्र दोन प्रवाहांच्या मधल्या गाळात. मुंबईत वरळीला अशाच तळ्याच्या गाळात बेडकांचे इवलेसे सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं.