वेबची जडणघडण, भाग ७ : कस्टम एलिमेंट, एकदा घडवलेला टॅग

कस्टम एलिमेंट म्हणजे वेब पानासाठी स्वतः घडवलेला टॅग. परिच्छेद, चित्र, बटण, तक्ता यांचे टॅग ब्राउझरला मुळातच माहीत असतात. कस्टम एलिमेंटचे नाव, रूप आणि वागणूक पान बांधणारा ठरवतो आणि त्याची नोंद ब्राउझरकडे करतो. एवढे झाले की तो टॅग चित्राच्या टॅगइतक्याच सहजपणे कुठल्याही पानात लिहिता येतो. पान कोणत्या फ्रेमवर्कमध्ये बांधले आहे, किंवा फ्रेमवर्क आहे की नाही, याने फारसा फरक पडत नाही.

एकदा बांधलेला भाग पुन्हा वापरण्याचे इतरही मार्ग आहेत; पालघर जिल्ह्याचे उदाहरण घेऊ. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस-थ्री-वास’ या व्यवस्थेवर उभे आहे. देशातल्या शेकडो जिल्ह्यांची संकेतस्थळे याच साच्यातली असल्याने पालघरचे पान पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या जिल्ह्याच्या पानावर भाषा बदलण्याची किंवा अक्षरे मोठी करण्याची सोय शोधावी लागत नाही. हा पुनर्वापर संपूर्ण साच्याचा आहे आणि त्या व्यवस्थेच्या आत असलेल्यांनाच तो मिळतो. याच जिल्ह्यातल्या बोईसर-तारापूर पट्ट्यात मात्र औद्योगिक वसाहतीतले कारखाने, अणुवीज केंद्र, रेल्वे, ग्रामपंचायती, मच्छीमार सहकारी संस्था असे अनेक जण शेजारी-शेजारी नांदतात. त्यांची संकेतस्थळे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी बांधली जातात. या सगळ्यांना एकच वस्तू आपापल्या पानावर हवी असेल, तर समान साचा उपयोगी पडत नाही. कस्टम एलिमेंटची खरी जागा इथे आहे.

भरती-ओहोटीची वेळ ही अशीच एक वस्तू. सातपाटी, मुरबे, दांडी या गावांत होडी खाडीबाहेर काढायची किंवा आत आणायची तर आधी पाणी कधी चढते ते पाहावे लागते. केळव्याच्या किनाऱ्यावर पर्यटकांना पाण्यात उतरू देणाऱ्यालाही तेच हवे असते. पावसाळ्यात उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की आपत्ती व्यवस्थापनाच्या पानावरही तीच माहिती सर्वांत वर यावी लागते. अशा घटकाला ‘भरती-पत्रक’ म्हणू आणि तो कसा घडतो ते क्रमाने पाहू.

आधी थोडा इतिहास. वेब कंपोनंट्स या नावाने ही कल्पना २०११ मध्ये अॅलेक्स रसेल यांनी एका परिषदेत मांडली. २०१४ मध्ये क्रोमने पहिली आवृत्ती आणली, पण इतर ब्राउझरांनी ती स्वीकारली नाही. सर्वांच्या सहमतीची दुसरी मांडणी २०१६ मध्ये क्रोममध्ये, २०१७ मध्ये सफारीत आणि २०१८ मध्ये फायरफॉक्समध्ये आली. एजने आपले इंजिन बदलल्यावर, २०२० च्या सुरुवातीपासून, सगळ्या प्रमुख ब्राउझरांत ती आहे. जुन्या पद्धतीचे नमुने अजूनही जुन्या पुस्तकांत सापडतात. ते आज चालत नाहीत.

नावाचा नियम साधा आहे. नावात जोडरेघ हवीच, कारण भविष्यात प्रमाण भाषेत येणाऱ्या टॅगशी टक्कर होऊ नये म्हणून जोडरेघेची नावे घडवणाऱ्यांसाठी राखून ठेवली आहेत. पहिले अक्षर रोमन लिपीतले आणि लहान असावे लागते. त्यापुढे देवनागरी अक्षरेही चालतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तरीही सहकाऱ्यांचे कळफलक आणि इतर साधने यांचा विचार करता संपूर्ण नाव रोमन ठेवणे सोयीचे जाते. ‘भरती-पत्रक’ हे नावही इथे वाचण्यासाठी देवनागरीत लिहिले आहे; टॅगमध्ये ते रोमन लिपीत असेल.

नोंद म्हणजे नावाशी जावास्क्रिप्टमधला एक क्लास जोडणे. हा क्लास ब्राउझरच्या मूळ एचटीएमएल एलिमेंटपासून पुढे वाढवलेला असतो. बटण किंवा तक्ता अशा तयार टॅगपासूनच वाढवण्याचीही तरतूद आहे, पण सफारीने ती नाकारली आहे. त्यामुळे सर्वांसाठी लिहायचे असेल तर तो रस्ता बंदच समजावा.

आता ब्राउझर पान वाचताना काय होते ते जवळून पाहू. वाचता वाचता तो ‘भरती-पत्रक’ या टॅगपाशी येतो. जावास्क्रिप्टची फाइल अजून पोचलेली नसेल, तर त्याच्या लेखी हा एक अनोळखी पण निरुपद्रवी टॅग असतो. तो काही तक्रार करत नाही, आत जे लिहिले आहे ते दाखवतो आणि पुढे जातो. फाइल आली, नोंद झाली की तोच टॅग जागच्या जागी बढती घेतो. आधी क्लासचा कन्स्ट्रक्टर चालतो. मग ज्यांवर लक्ष ठेवायचे असे घोषित केले आहे त्या अॅट्रिब्यूटच्या किमती एकेक करून कळवल्या जातात आणि शेवटी घटक पानाला जोडला गेल्याची सूचना येते. माहिती मागवणे आणि घड्याळ सुरू करणे ही कामे या शेवटच्या सूचनेत करायची असतात. कन्स्ट्रक्टरमध्ये घटकाला मुले किंवा अॅट्रिब्यूट जोडायला मनाई आहे आणि ती पाळणे शहाणपणाचे, कारण घटक पानात नसतानाही केवळ स्मृतीत जन्माला येऊ शकतो.

बहुतेक चुका या जोडणीच्या सूचनेभोवतीच होतात. ती आयुष्यात एकदाच येते असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात घटक पानात एका जागेवरून दुसरीकडे हलवला, तरी आधी तुटल्याची आणि मग पुन्हा जोडल्याची सूचना येते. दर मिनिटाला ‘पुढच्या भरतीला इतका वेळ’ असे दाखवणारे घड्याळ जोडताना सुरू केले आणि तुटताना थांबवले नाही, तर पानावर एक घटक आणि पाठीमागे दोन, तीन, चार घड्याळे चालू राहतात. साध्या मोबाइलवर याचा परिणाम लवकर जाणवतो. दुसरी चूक अधिक फसवी असते. नोंद आधी झाली आणि ब्राउझर टॅगपर्यंत नंतर पोचला, तर जोडणीची सूचना उघडणारा टॅग वाचताक्षणीच येते. आतला मजकूर तेव्हा वाचलेलाच नसतो. विकासकाच्या यंत्रावर सगळे नीट आणि बाहेर मात्र घटक रिकामा, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा इथे असते. फाइल मॉड्यूल म्हणून लावली की ती संपूर्ण पान वाचून झाल्यावर चालते आणि ही अडचण टळते.

घटक आणि पान यांच्यात देवाणघेवाण कशी व्हावी, हा आराखड्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. आत येणाऱ्या साध्या गोष्टी अॅट्रिब्यूटमधून याव्यात : ठिकाण, तारीख, भाषा. अॅट्रिब्यूट नेहमी मजकूर असतो. महिन्याभराचे तक्ते द्यायचे असतील तर ते जावास्क्रिप्टमधून प्रॉपर्टी म्हणून द्यावेत. बाहेर जाणारी बातमी इव्हेंटने जावी. वापरणाऱ्याने उद्याची तारीख निवडली की घटकाने ‘तारीख बदलली’ असा इव्हेंट सोडावा आणि पुढे काय करायचे ते पानावर सोपवावे. शेजारच्या नकाशाला हात लावणे घटकाचे काम नाही. एकदा तो शेजाऱ्याला ओळखू लागला की दुसऱ्या संकेतस्थळावर नेता येत नाही. रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत या घटकांना प्रॉपर्टी देणे पूर्वी किचकट होते. डिसेंबर २०२४ मधल्या १९ व्या आवृत्तीने ती अडचण दूर केली.

शॅडो डॉम या सोयीमुळे घटकाचा आतला भाग पानाच्या सीएसएसपासून वेगळा राहतो. एखाद्या संस्थेच्या जुन्या पानावर ‘सर्व तक्त्यांना लाल कडा’ असा नियम असला तरी पत्रकातला तक्ता तांबडा होत नाही, आणि पत्रकाचे नियम बाहेर सांडत नाहीत. ही भिंत पूर्ण बंद नसते, आणि तेच बरे. अक्षराचा टाइप, रंग, ओळींतले अंतर असे वारशाने येणारे गुण आत झिरपतात. मराठी पानांसाठी हे फार मोलाचे आहे. यजमान पानाने देवनागरीसाठी निवडलेला टाइप घटकातही आपोआप येतो, वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जाऊ नयेत म्हणून वाढवलेले अंतरही येते. नवा टाइप मात्र शॅडोच्या आत घोषित करून चालत नाही. ती घोषणा मुख्य पानातच करावी लागते. रंगसंगती बदलू द्यायची असेल तर सीएसएसच्या स्वनिर्मित चलांना नावे देऊन ती नावे जाहीर करावीत. बाकीचे आतले रचनेचे तपशील जाहीर करू नयेत, कारण जे जाहीर केले ते पुढे बदलता येत नाही.

मराठी अंकांसाठी वेगळी यातायात नको. ब्राउझरमधली आंतरराष्ट्रीयीकरणाची सोय ‘मराठी, भारत’ ही भाषा दिल्यास अंक देवनागरीत आणि स्वल्पविराम लाख-कोटीच्या पद्धतीने देते : १,२३,४५६. भारतीय प्रमाणवेळ स्पष्टपणे सांगावी, नाहीतर परदेशात असलेल्या खलाशाच्या फोनवर सातपाटीची भरती तिथल्या घड्याळाने दिसेल. पहाटे, दुपारी, रात्री हे शब्द घटकाने स्वतः लिहावेत. मराठी वाचक वेळ तशीच सांगतो. आकडा कुठला, हेही घटकाने दाखवलेच पाहिजे. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टके प्रसिद्ध करतो आणि मुंबईचे अपोलो बंदर हे त्यातले एक प्रमाण बंदर आहे. अपोलो बंदराची वेळ सातपाटीची म्हणून छापणे म्हणजे होडीवाल्याची दिशाभूल. म्हणून ठिकाणाचे नाव ही या घटकाची शोभेची ओळ नसून त्याच्या माहितीचाच भाग आहे.

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात किंवा किनाऱ्यापासून दूर होडीत मोबाइलचे नेटवर्क नेहमी मिळतेच असे नाही. टॅगच्या आत साधा मजकूर, जसे आजच्या दोन भरतींच्या वेळा, सर्व्हरनेच लिहून ठेवला तर फाइल पोचली नाही तरी काम अडत नाही. स्लॉटच्या, म्हणजे टॅगमधल्या मजकुरासाठी शॅडोत राखलेल्या जागेच्या, साहाय्याने हाच मजकूर बढतीनंतर पत्रकात योग्य जागी बसवता येतो. शॅडोचा भागही थेट एचटीएमएलमध्ये लिहून पाठवण्याची सोय २०२४ च्या सुरुवातीला फायरफॉक्समध्ये आल्यावर सर्व प्रमुख ब्राउझरांत झाली. तिच्यामुळे पहिले दर्शन जावास्क्रिप्टवर अवलंबून राहत नाही.

दृष्टिहीन वाचकांचा विचार सुरुवातीपासून करावा लागतो. शॅडोच्या बाहेरचे लेबल आतल्या चौकटीला ओळखखुणेने जोडता येत नाही. ती भिंत ओळखखुणाही अडवते. म्हणून लेबल आणि चौकट दोन्ही आत किंवा दोन्ही बाहेर ठेवावीत. घटक फॉर्मचा भाग असेल तर त्याची किंमत फॉर्मसोबत जावी यासाठी ‘एलिमेंट इंटर्नल्स’ नावाची सोय आहे. सफारीने मार्च २०२३ मध्ये ती दिल्यापासून ती निर्धास्त वापरता येते. आणि जिथे साधे बटण पुरते तिथे साधे बटणच वापरावे. त्याला कळफलक, फोकस, स्क्रीन रीडर हे सगळे आधीच कळते.

एकाच नावाची दोनदा नोंद करता येत नाही. दुसऱ्या वेळी ब्राउझर चूक दाखवून थांबतो. संस्थेच्या पानाने पत्रकाची फाइल स्वतः लावली आणि बाहेरच्या एखाद्या विजेटनेही तीच आणली, तर हा प्रसंग येतोच. नोंदीआधी ते नाव घेतलेले आहे का, हे तपासणारी एक ओळ पुरते. त्यामुळे चूक टळते, पण दोनांपैकी जी आवृत्ती आधी पोचली तीच पानभर चालते. म्हणून ‘भरती-पत्रक’ वाटणाऱ्याने जुन्या अॅट्रिब्यूटचा अर्थ बदलू नये. नवे वागणे हवे तर नवा अॅट्रिब्यूट द्यावा, आणि अर्थच बदलायचा झाला तर टॅगचे नावही बदलावे.