डोनेगलच्या किनाऱ्यावरील एक खेडे व तेथील सहकार

आयर्लंड बेटाच्या वायव्य भागात डोनेगल नावाचा परगणा आहे. त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर, डनलो या बाजारगावाच्या आसपास, क्लीन्द्रा हे लहानसे खेडे आहे. नकाशात ते सहजी सापडावयाचे नाही. परंतु शेतकऱ्यांनी आपली खरेदी-विक्री आपल्याच हाती घेतल्यास काय घडते, हे जाणू इच्छिणाऱ्यास या खेड्याची हकीकत उपयोगी पडेल असे वाटल्यावरून ती आम्ही येथे देत आहो.

या भागातील जमीन निकस होय. खाली ग्रॅनाइटचा खडक, वर मातीचा पातळ थर, जागोजाग दलदल, आणि अटलांटिक महासागरावरून येणारा खारा वारा. बटाटा व ओट हीच मुख्य पिके. जोडीस एखादी गाय व चार कोंबड्या. किनाऱ्यावर वाहून येणारे समुद्रशेवाळ लोक खत म्हणून शेतात घालीत. या शेवाळात पालाश भरपूर असतो, पण स्फुरद थोडा. म्हणून ती उणीव भरून काढण्यास कृत्रिम खत विकत घेणे भाग पडे. शेतीवर पोट भरत नसल्यामुळे तरुण माणसे हंगामात स्कॉटलंडास मजुरीस जात, व त्यांची कमाई पुष्कळदा घरच्या उधारीतच जिरे.

ही उधारी म्हणजेच खरा रोग होता. दुकानदार व सावकार एकच. त्यास तेथे ‘गाँबीन-मॅन’ म्हणत. खत व पीठ उधार द्यावयाचे, भाव आपण ठरवावयाचा, आणि घरची अंडी मात्र चहा-साखरेच्या बदल्यात आपल्याच भावाने घ्यावयाची, अशी त्याची रीत. ज्याचे देणे फिटलेले नाही, त्यास दुसऱ्या दुकानाची पायरी चढण्याची सोय कोठली?

याच खेड्यातील पॅट्रिक गॅलहर नावाच्या शेतकऱ्याने स्कॉटलंडात मजुरी करीत असता तेथील सहकारी दुकान पाहिले होते. दुकान गिऱ्हाइकांच्याच मालकीचे, व वर्षअखेर उरलेला नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत मिळावयाचा, ही गोष्ट त्याच्या मनात भरली. आयर्लंडात सर होरेस प्लंकेट यांनी १८९४ साली कृषि-संघटना संस्था स्थापिली होती. तिचा आधार या लोकांस मिळाला. १९०६ साली अवघ्या चौदा सभासदांनिशी टेंपलक्रोन सहकारी मंडळी सुरू झाली. आरंभ एकत्र खत-खरेदीने झाला. कारण खताचा भाव हीच प्रत्येकाची रोजची बोच होती.

व्यापाऱ्यांस हे रुचले नाही हे सांगावयास नको. तथापि मंडळी टिकली. पुढे तिने किराणा माल ठेविला व अंड्यांची विक्री हाती घेतली. अंडी हा विषय क्षुल्लक वाटेल; परंतु तो घरच्या बायकांच्या हातचा पैसा होता. दूरच्या बाजारात अंड्यांस चांगला भाव यावयाचा तर ती ताजी, स्वच्छ व निवडलेली असली पाहिजेत, आणि हे काम एकट्यादुकट्या घरास साधणारे नव्हे. १९१० च्या सुमारास मंडळीने विणकामाचा कारखानाही काढिला. त्यामुळे गावच्या मुलींस गावातच मजुरी मिळू लागली.

‘को-ऑप’ या शब्दाचा तेथील उच्चार ‘कोप’. त्यावरून गॅलहर यास लोक ‘पॅडी द कोप’ म्हणू लागले. त्याने आपले आत्मचरित्र १९३९ साली प्रसिद्ध केले. १९६६ साली तो वारला, पण ‘द कोप’ या नावाने मंडळीचा व्यवहार डनलो येथे आजही चालू आहे.

या हकीकतीतून घेण्याजोगी गोष्ट आमच्या मते ही की, मंडळीचा आरंभ मोठ्या इमारतीने किंवा ठरावांनी झाला नाही. ज्या एका जिनसेत प्रत्येक सभासद नाडला जात होता, तीच प्रथम हाती घेतली गेली. दुसरे असे की, सभासदाने आपली खरेदी आपल्याच मंडळीकडे केली तरच ती उभी राहते. पलीकडच्या दुकानात चार दिवस भाव उतरला म्हणून तिकडे धावल्यास, मंडळी बुडाल्यावर तोच भाव दुप्पट होतो. आपल्या गावी खत, बियाणे किंवा पेंड यांपैकी अशी जिन्नस कोणती, याचा विचार वाचकांनी पुढील हंगामापूर्वीच शेजाऱ्यांशी बसून करावा.